इथाकाची नदी, न्यूयॉर्कचे मैदान आणि दोन मराठी विद्यार्थी

वाचकहो, भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर जाऊन उभे राहा. दोन बांबू रोवलेले असतात, मध्ये जाळे ताणलेले असते आणि दोन्ही बाजूंनी सहा-सहा पोरं चेंडू हवेत ठेवण्यासाठी धडपडत असतात. व्हॉलीबॉल हा खेळ आपल्या गावात इतका मुरला आहे की तो कुठून आला हे कोणी विचारतसुद्धा नाही. तो अमेरिकेतून आला. मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने १८९५ साली तो सुरू केला. त्याच्या चार वर्षे आधी, १८९१ च्या डिसेंबरात, जवळच्याच स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या दुसऱ्या शिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या भिंतीला टांगून बास्केटबॉल जन्माला घातला. बाहेर बर्फ पडलेले, मुलं आत कोंडलेली, त्यांना दमवायचे कसे, हा प्रश्न! आपल्याकडे श्रावणझडीत वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना तो वेगळा सांगायला नको.

पण आज मला सांगायचे आहे ते खेळाच्या जन्माविषयी नव्हे. ज्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत खेळाचे वेड शिगेला पोचले होते, त्याच काळी आपल्या मराठी मुलखातले काही तरुण तिथे शिकायला गेले. त्यांतले दोघे असे, की एकाचे बालपण आपल्याच रेल्वेच्या दोन टोकांना गेले, आणि दुसरा पुढे खुद्द भंडाऱ्यात मते मागायला उभा राहिला. पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार. दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. एक कॉर्नेल विद्यापीठात, दुसरे कोलंबियात. दोघांनीही तिथे बसून एकाच विषयावर लिहिले, आणि तो विषय होता जात.

आधी केतकरांकडे येऊ. त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीला. म्हणजे रायपूर, गोंदिया, भंडारा रोड, नागपूर, बडनेरा अशी जी गाडी आपल्या धानाच्या बांध्यांमधून जाते, तिच्याच वाटेवरचा हा माणूस. त्या वेळी उच्च शिक्षण घ्यायचे तर आपल्या भागातल्या मुलाने नागपूरचे हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेज गाठायचे. नागपूरला १९२३ पर्यंत स्वतःचे विद्यापीठ नव्हते, परीक्षा अलाहाबादच्या. केतकर मुंबईला गेले आणि तिथून १९०६ साली थेट अमेरिकेला. बाविसाव्या वर्षी! विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे हा त्या काळचा शिरस्ता. तो सोडून हा तरुण न्यूयॉर्क संस्थानातल्या इथाका नावाच्या लहानशा गावी गेला.

इथाका टेकडीवर आहे. खाली कायुगा नावाचे लांबट सरोवर, दोन्ही बाजूंना खोल घळी आणि धबधबे, हिवाळ्यात महिनोन्महिने बर्फ. या टेकडीवरचे कॉर्नेल विद्यापीठ १८६८ साली उघडले. त्याच्या उभारणीमागे एक कायदा होता, तो गुरुजनांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८६२ साली अमेरिकेच्या सरकारने प्रत्येक संस्थानाला पडीक जमिनी दिल्या आणि सांगितले, या विकून जे उत्पन्न येईल त्यातून शेतकी आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढा. अट एक, की तिथे लष्करी कवायतही शिकवली पाहिजे. म्हणून लॅटिन शिकणारा, गाईच्या आचळाचे रोग शिकणारा आणि पूल बांधायला शिकणारा अशी मुले एकाच आवारात, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं खांद्यावर बंदुका टाकून कवायतीला. आपल्याकडे त्या काळी हिंदी विद्यार्थ्याच्या हाती बंदूक देण्याची कल्पनासुद्धा कोणा साहेबाच्या मनात आली नसती.

हीच कवायत शोधत वर्ध्याचा एक तरुण अमेरिकेच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर गेला होता. पांडुरंग खानखोजे त्याचे नाव. कॅलिफोर्नियात तो लष्करी शाळेत शिकला, आणि मग ऑरेगॉनच्या शेतकी कॉलेजात. पुढे गदर चळवळीत पडला, मायदेशाचा रस्ता बंद झाला, आणि अखेर मेक्सिकोत त्याने मक्यावर आणि गव्हावर नाव घेण्यासारखे संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर तो नागपूरला परतला आणि १९६७ साली तिथेच वारला. त्याची कथा स्वतंत्र बैठकीत सांगण्याची आहे. इथे नुसते नाव घेऊन पुढे जातो.

कॉर्नेलचा मान मात्र कवायतीत नव्हता, वल्ह्यात होता. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला हडसन नदीवर पोकीप्सी म्हणून गाव आहे. दर उन्हाळ्यात तिथे विद्यापीठांच्या नावांची शर्यत लागे. आठ जण वल्हवणारे, एक सुकाणू धरणारा, आणि अंतर चार मैल. नदीकाठाने रेल्वेचा रूळ होता, त्यावर उघड्या डब्यांची गाडी नावांच्या बरोबरीने चाले, आणि डब्यांत बाकांवर बसून हजारो लोक ओरडत. आपण कल्पना करावी, वैनगंगेच्या काठाकाठाने गाडी चालली आहे आणि पात्रात ढिवरांच्या आठ-आठ वल्ह्यांच्या डोंग्या धावताहेत! केतकर इथाकाला होते त्या १९०६ ते १९११ या सहा वर्षांत ही मुख्य शर्यत कॉर्नेलने पाच वेळा जिंकली. फक्त १९०८ साली सिराक्यूजवाल्यांनी ती हिरावून घेतली.

या वल्हेकऱ्यांचा गुरू चार्ल्स कोर्टनी. पेशाने तो सुतार होता आणि स्वभावाने जमदग्नी. १८९७ साली शर्यतीच्या आधी काही मुलांनी स्ट्रॉबेरीचा गोड केक खाल्ला म्हणून त्याने त्यांना नावेतून उतरवले, अशी गोष्ट इथाकात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या तालमीतले वस्ताद ही गोष्ट ऐकून मान डोलावतील. पथ्य म्हणजे पथ्य, मग ते दूध-बदामाचे असो की केकचे.

आणि १९११ च्या मे महिन्यात, ज्या वर्षी केतकरांना कॉर्नेलची पीएच.डी. मिळाली त्याच वर्षी, तिथल्या जॉन पॉल जोन्स नावाच्या यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याने एक मैल ४ मिनिटे १५.४ सेकंदांत धावून जगातला उच्चांक केला. दोन वर्षांनी त्याने तो आणखी एका सेकंदाने मोडला. धंदेवाईक धावपटू नव्हे हो; वर्गात बसून गणिते सोडवणारा मुलगा. अमेरिकन विद्यापीठाचा खरा अभिमान तो हाच, की पळणारा आणि शिकणारा एकच.

आता याच टेकडीवरची दुसरी बाजू पाहा. तिथले विद्यार्थी आपापली भ्रातृमंडळे काढत. ग्रीक अक्षरांची नावे, स्वतःचे घर, स्वतःचा स्वयंपाकी, गुप्त दीक्षाविधी, आणि एकदा आत गेले की जन्मभराचे भाऊ. नोकरी, धंदा, सोयरीक, सारे पुढे त्या ओळखीवर. पण या घरांची दारे काळ्या विद्यार्थ्यांना बंद होती. वर्गात शेजारी बसता येई. जेवायला आणि राहायला मात्र बाहेर. तेव्हा ४ डिसेंबर १९०६ रोजी कॉर्नेलमधल्या सात काळ्या विद्यार्थ्यांनी आपले स्वतःचे मंडळ स्थापन केले. त्याचे नाव आल्फा फाय आल्फा. अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांचे असे हे पहिले टिकलेले विद्यापीठीय मंडळ, आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग त्याचे सभासद झाले. केतकर इथाकाला गेले ते त्याच वर्षी.

अशा गावात बसून केतकरांनी जातीवर पुस्तक लिहिले. मनुस्मृतीचा काळ कोणता, त्या वेळच्या समाजात जातींची मांडणी कशी होती, जातीची व्याख्या काय करावी, याचा त्यात ऊहापोह आहे. इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ १९०९ साली इथाकातच छापून निघाला. भारतातल्या जातींवर एका मराठी माणसाने लिहिलेले पुस्तक अमेरिकेतल्या टेकडीवरच्या छापखान्यात जुळवले गेले, हे मनात आणून पाहावे असे आहे. केतकर १९१२ साली परतले. ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात त्यांनी नागपुरात केली आणि मग ते पुण्याला हलवले. तेवीस खंडांचा तो डोंगर आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांच्या कपाटांत एखादे वेळी अजून सापडतो. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ ही कादंबरीही त्यांचीच. म्हणजे आपला मुलूख ते विसरले नव्हते.

आता न्यूयॉर्कला जाऊ. पण त्याआधी तिथल्या फुटबॉलविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढची गोष्ट नीट कळायची नाही.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, नारळासारखा; तो पायापेक्षा हातातच अधिक. चेंडू घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचे आणि समोरच्यांनी त्याला पाडायचे. आपल्या हुतूतूचा राक्षसी भाऊच म्हणा. विसाव्या शतकाच्या आरंभी खेळाडू एकमेकांना धरून पाचर करत आणि ती पाचर धावत जाऊन समोरच्या रांगेवर आदळे. डोक्याला टोपी असली तर चामड्याची, नाही तर तीही नाही. १९०५ च्या एका मोसमात शाळा-कॉलेजांतली मिळून अठरा-एकोणीस पोरं या खेळात मेली, असा हिशेब त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी मांडला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः मर्दानी खेळांचे भोक्ते. त्यांनीही ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधल्याच एका सामन्यात युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर हा खेळाडू डोक्याला मार लागून मेला. त्याच आठवड्यात कोलंबिया विद्यापीठाने निर्णय घेतला, की आमच्याकडे फुटबॉल बंद.

विद्यार्थ्यांनी केवढा गहजब केला असेल ते सांगायला नको. पण बंदी एक-दोन नव्हे, दहा वर्षे टिकली. इतरांनी १९०६ साली नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, पाचर करण्यावर निर्बंध आले, आणि खेळ हळूहळू सुधारला. लोकांचे वेड मात्र वाढतच गेले. १९१४ च्या नोव्हेंबरात येलने सुमारे सत्तर हजार माणसे मावतील असे वाटोळे क्रीडांगण उघडले. उद्‌घाटनालाच हार्वर्डने यजमानांना ३६ विरुद्ध ० असे धुऊन काढले, ही गंमत वेगळी! सत्तर हजार माणसे, विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला.

अशा दिवसांत, जुलै १९१३ मध्ये, बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड. त्यातून स्वतःचे भागवायचे आणि घरीही पाठवायचे. पहिल्यांदा ते हार्टले हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. हे वसतिगृह आणि त्याच्या शेजारचे लिव्हिंग्स्टन हॉल, दोन्ही १९०५ साली बांधलेली. समोरच साउथ फील्ड नावाचे मैदान. तिथले जेवण भीमरावांना मानवले नाही. मग काही दिवस ते निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत. ही मैत्री जन्मभर टिकली.

गुरुजनहो, इथे क्षणभर थांबा. या मुलाने साताऱ्याच्या शाळेत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसून धडे घेतले होते. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. तो आता एका खोलीत दुसऱ्याच्या खाटेशेजारी खाट टाकून राहत होता, एका टेबलावर जेवत होता, एकाच वाचनालयात दिवसभर बसत होता. अमेरिकेने त्याला पुस्तके दिली असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पण माझ्या मते आधी दिली ती ही खाट आणि हे टेबल.

मैदानावर त्या वर्षी फुटबॉल नव्हता, तरी कोलंबिया काही सुनी नव्हती. १९१४ च्या उन्हाळ्यात पोकीप्सीची ती चार मैलांची नावांची शर्यत कोलंबियाने जिंकली. एरवी जी कॉर्नेलची मिरास, ती त्या वर्षी न्यूयॉर्ककरांनी पळवली. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ठरावीक टोपी घालायची, वरच्या वर्गाच्या मुलांशी झटापट करायची, असले सोहळे तेव्हाच्या अमेरिकन कॉलेजांतून चालत. पदव्युत्तर विद्यार्थी त्यात नसत, आणि आंबेडकर पदव्युत्तर विभागात होते. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच नि जर्मनचे एकेक. एकंदर साठ. सेलिग्मन, जॉन ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन हे प्राध्यापक आणि काही सहाध्यायी हे आपल्या आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र होते, असे त्यांनी १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिले. मित्र हा शब्द पाहा. प्राध्यापकांना मित्र म्हणणारा हिंदी विद्यार्थी त्या काळी विरळा.

१९१५ साली त्यांना एम.ए. मिळाली. त्याच वर्षी शरदात बंदी उठली आणि साउथ फील्डवर दहा वर्षांनी फुटबॉल परतला. कोलंबियाने त्या मोसमात पाच सामने खेळले आणि पाचही जिंकले. गर्जना हार्टले आणि लिव्हिंग्स्टनच्या खिडक्यांपर्यंत येण्याइतके ते मैदान जवळ होते.

आणि ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच्या चार लेखकांच्या व्याख्या घेतल्या. तीन युरोपियन: सेनार, नेसफील्ड, रिस्ले. चौथे आपले केतकर. केतकर स्वतः हिंदू असून खुल्या मनाने लिहितात म्हणून त्यांचा मान ठेवला, आणि मग त्यांच्या व्याख्येतली चूकही दाखवली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: एक, जातीबाहेर लग्नाला बंदी, दुसरे, जातीत जन्मलेल्यालाच सभासदत्व. आंबेडकर म्हणाले, ही दोन नव्हेतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जातीबाहेर लग्न बंद केले की बाहेरून जन्मलेला आत येणार कसा? एकदा सांगितल्यावर किती सोपे वाटते! इथाकाला छापलेले पुस्तक, न्यूयॉर्कला वाचलेला निबंध, आणि वाद दोन मराठी माणसांचा. तोही शिवीगाळीशिवाय. पुढल्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

मघाशी खेळाचे सांगत होतो, ते अर्धवट राहिले. आपल्याकडे त्याच वर्षांत काय चालले होते? अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम मंडळाचा पाया घातला; त्यांचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन हुतूतू आणि मल्लखांब दाखवून आले. आणि पुण्या-मुंबईत एक विलक्षण गोलंदाज होता, पाळवणकर बाळू. चांभार समाजातला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता तो साहेबांना चेंडू टाकू लागला. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते, म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर सारे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की मात्र संघ मंडपात कपबशीतून चहा पिई, आणि बाळूला बाहेर मातीच्या परळात. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेला गेला, त्या दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी घेतले. तो परतल्यावर मुंबईत त्याचा जाहीर सत्कार झाला. त्या वेळच्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या आंबेडकरांचा संबंध होता. गंमत अशी की १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि बाळू हरले.

तिकडे अमेरिकेतही चेंडू आणि चहा यांची अशीच फारकत होती. न्यूयॉर्कपासून फारसे दूर नसलेल्या रटगर्स कॉलेजात १९१५ साली पॉल रॉब्सन नावाचा काळा विद्यार्थी फुटबॉलच्या निवडीला गेला. आपल्याच कॉलेजच्या पोरांनी त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला. बरा होऊन तो पुन्हा मैदानात उतरला आणि संघात आला. पण १९१६ साली दक्षिणेकडच्या एका कॉलेजने काळ्या खेळाडूबरोबर खेळायला नकार दिला, तेव्हा रटगर्सने सामना मोडला नाही. रॉब्सनलाच बाहेर बसवले. पुढे हा रॉब्सन कोलंबियात कायदा शिकला, आणि गायक म्हणून जगभर गाजला.

आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. पुढच्या वर्षी बडोद्याच्या नोकरीसाठी परतायला लागले, तेव्हा वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान वाटेत महायुद्धात बोटीसकट बुडाले. नंतरच्या गोष्टी तुम्हांला माहीत आहेत. १९२७ साली महाडचे तळे. तेही पाणीच. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना बोलावून सन्मानाची एलएल.डी. पदवी दिली.

आणि दोनच वर्षांनी, १९५४ साली, ते भंडाऱ्यात होते. लोकसभेची पोटनिवडणूक होती. भंडारा मतदारसंघ त्या वेळी दोन जागांचा. एक सर्वसाधारण, एक राखीव. गोंदियाकडचा भागही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, आणि कोलंबियाचे डॉक्टर, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, काही हजार मतांनी पडले. त्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलेली माणसे आज नव्वदीच्या पुढची आहेत. गुरुजी, तुमच्या गावात असे एखादे आजोबा किंवा आजी असतील, तर वर्गातल्या चार मुलांना घेऊन एकदा त्यांच्या ओसरीवर बसा आणि त्या वर्षाचे विचारा.